भिवाआत्याचं काळं चाटण

तुमचं भाषण ऐकून कधी कोणी जेवण सोडलं आहे? उपोषणाचं विचारत नाही. घरी जाऊन, समोर वाढलेलं ताट सरकवून, "ताई बोलल्या ना, मग नको," म्हणून सोडलेलं जेवण. माझं भाषण ऐकून एका बाईने सोडलं. तिला सातवा महिना लागला होता. आणि तिने ते सोडलं तेव्हा मी टाळ्या वाजवत होते.

यंदा, म्हणजे पंच्याऐंशी सालच्या माघात मी नागपूरहून पांढुर्णा आणि सौंसरकडे जाऊन आले. काम दारूबंदीच्या प्रचाराचं. आमच्या घरात मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, वाया गेलेले कागद घरी आणायचे, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. माझ्या जन्माआधी वडील प्यायचे. धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी दारू सोडली ती सोडलीच. दारू आणि नशेपासून दूर राहायचं हे पाचवं शील आमच्या घरात भिंतीसारखं आहे. त्याला टेकूनच आम्ही भावंडं मोठी झालो.

निघताना आईने माझ्या पत्रकांच्या पिशवीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक बाटली ठेवली. काळ्या काचेची, पोट सुटलेली, पिवळ्या झाकणाची.

"हे भिवाआत्याले देजो. तिच्या सुनेले, रत्नाले, सातवा लागला. मागचं लेकरू सहाव्यातच गेलं. आता तिच्या पोटात काही टिकून नाई राहिलं. हे घातलेल्या कण्या तेवढ्या टिकते. फोडजो नको."

"आहे काय हे?"

"मिशनचं चाटण. लय मुश्किलीनं भेटलं सदर बाजारामंदी."

भिवाआत्या वडिलांची चुलत बहीण. बरीच वर्षं एका मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथल्या गोऱ्या मेट्रनबाई अशक्त बाळंतिणींना गरम पाण्यात हा काळा अर्क कालवून द्यायच्या. आत्या लोधीखेड्याला परत आली तेव्हा ही सवय बरोबर घेऊन आली. आईने सांगितलेलं सगळं मी ऐकलं. विसरले असं म्हणायची सोय मला नाही.

तिगाव, मग पांढुर्णा

गाडीत एका गृहस्थाशी दारूच्या ठेक्यावरून माझं जुंपलं. "सरकारला पैसा कुठून येणार?" असं तो म्हणाला आणि मी पिशवीतून एकेक पत्रक काढत गेले. शेवटचं पत्रक त्याच्या मांडीवर ठेवलं तेव्हा पांढुर्णा मागे पडलं होतं. तिगावला उतरावं लागलं.

तिगावहून एका बागाईतदाराने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घेतलं. ट्रॉलीत संत्र्यांचा ढीग, ढिगावर मी, माझ्या मांडीवर पिशवी. रस्त्याच्या एका बाजूला मृग बहराची संत्री तोडणं चालू होतं, दुसऱ्या बाजूच्या बागांना आंबिया बहर फुटला होता. त्या फुलांचा वास इतका दाट की घशाशी गोड लागत होता. नागपूरला आम्ही संत्री टोपलीत पाहतो, फूल पाहत नाही. मुलूख मध्य प्रदेशाचा, पाट्या हिंदीत आणि ट्रॉलीशेजारून चालणाऱ्या बायकांची भांडणं मराठीत, हे पाहून मला उगीच आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

पांढुर्ण्यात वडिलांचे स्नेही राहतात. शाळेत विज्ञान शिकवतात, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांच्या बाईंनी ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. भाजीचा पहिला घास घेतला आणि मी थांबले. सोल्यांची भाजी मी जन्मभर खाल्ली आहे. ही वेगळी होती. खारट, पण मिठाची नव्हे. मटणाच्या रश्श्यासारखी खोल, पण त्यात मटण नव्हतं. जिभेच्या मागच्या बाजूला ती चव बसून राहत होती.

"काय घातलं यात?"

"भिवाबाईचं चाटण," बाई हसून म्हणाल्या. "माह्या दोन्ही बाळंतपणाले तिनं देलं. तवापासून मले सुटतच नाई. येवढुसं घातलं तरी भाजी बदलते. घे न अजून, लाजतं काऊन?"

मी लाजले नाही. तीन भाकरी खाल्ल्या. नुसत्या भाकरीला बोटाने लावून चाटून पाहिलं. तोंड आधी आखडलं आणि मग पुन्हा मागायला लागलं. बाई सांगत होत्या की पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत भिवाबाईच्या हाताखाली बाळंत झालेल्या जितक्या बाया, तितक्या घरांत या चाटणाची कुपी असते. कोणी मुरमुऱ्यांना लावतं, कोणी बेसनात घालतं, कोणी तापातून उठलेल्या माणसाला गरम पाण्यात देतं. एक बाई तर माहेरी जाताना कुपी पदराला बांधून नेते म्हणे, कारण माहेरचं जेवण तिला आता फिकं लागतं. एका आयाने दवाखान्यातून आणलेली चव मुलखाची झाली होती. हे मी तेव्हाच लिहून घ्यायला हवं होतं. मी चौथी भाकर मागितली.

जेवण झाल्यावर गुरुजींनी माझ्या पिशवीतली बाटली हातात घेतली, तिच्यावर चिकटवलेली इंग्रजी चिठ्ठी वाचली आणि गंमत सांगावी तसं म्हणाले, "दारूबंदीवाल्या बाई, तुमाले मालूम आहे का हे कशापासून बनते? बिअरच्या पिंपात जे खमीर तळाशी बसते न, त्यापासून."

ते हसले. त्यांच्या बाईही हसल्या. मी उठून मोरीत गेले आणि बोटं घालून ओकले. बाहेर येऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. गुरुजी मागून काहीतरी समजावत होते, खमीर वेगळं, दारू वेगळी, असं काही. मी ऐकत नव्हते. वडिलांनी इतकी वर्षं जे तोंडाला लावलं नाही, त्याच पिंपाचा गाळ मी बोटाने चाटला होता आणि मला तो आवडला होता. खरं सांगायचं तर त्या आवडण्याचाच मला जास्त राग आला.

सौंसर

सकाळच्या बसमध्ये अर्धे लोक जामसावलीच्या हनुमानाला निघालेले. मंगळवार होता. नारळ, शेंदूर, पेढ्याचे पुडे यांच्यामध्ये बसून मी गुडघ्यावर पत्रक लिहिलं. मथळा होता, "पाचवे शील बाटलीत बुडाले!" खाली लिहिलं की मिशनच्या नावाखाली दारूच्या पिंपाचा गाळ आपल्या आयाबहिणींच्या ताटात आला आहे, औषधाच्या वेषात आला आहे, आणि ज्या घरात ही बाटली आहे त्या घराने शील मोडलं आहे. वाक्यं आपोआप येत होती. अशी वाक्यं येतात तेव्हा मी फार खूश असते.

सौंसरला उतरताना एक मिशीवाले बाबा म्हणाले, "बाई, गाडी इतकी हालत हाय, तरी तुमचा हात नाई थांबला. परीक्षा हाय का?" मी म्हटलं, "हो, समाजाची." आज ते आठवलं की मान वर होत नाही.

सौंसरला पायाने चालवायच्या यंत्राचा एक छापखाना सापडला. मालक मजकूर वाचून म्हणाला, "ह्या गाळात नशा असते का, पक्कं?" मी त्याला विचारलं, "पिंपातून आलं ते पिंपाचंच ना?" तो खांदे उडवून खिळे जुळवू लागला. दुपारपर्यंत ओल्या शाईचे गठ्ठे माझ्या हातात होते. बसस्टँडवर वाटले. नागपूर, कामठी, काटोलकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसांच्या हाती दिले, आपापल्या विहारात लावा म्हणून. छापखान्यात बसल्या बसल्या मी त्या माणसाचा प्रश्न गुरुजींना एका पोस्टकार्डावर विचारू शकले असते.

लोधीखेडा

माघ पौर्णिमा होती. मी पोचले तेव्हा वंदना सुरू व्हायची होती. लहानसं विहार, बाहेर चिंचेखाली चपला. भिवाआत्या पुढे बसली होती, पांढरं लुगडं, पाठ ताठ. शेजारी रत्ना. बावीस वर्षांची असेल. ओठ पिवळट पांढरे, डोळ्यांखालची कातडी सैल, पोटावर दोन्ही हात. तिचा नवरा, माझा आतेभाऊ, मँगनीजच्या खाणीवर पाळीला गेला होता. आत्याने लांबूनच हाताने विचारलं, बाटली आणली का? मी मान हलवली. आणली होती.

वंदना झाली. मला बोलायला सांगितलं. मी पिशवीतून बाटली काढली, उंच धरली आणि बोलले. मी चांगली बोलते. कोणाचंही नाव घेतलं नाही, पण त्या बाटलीला लोधीखेड्यात नावाची गरज नव्हती. सगळ्यांनी भिवाआत्याकडे पाहिलं. तिने माझ्यावरची नजर हलवली नाही.

मग रत्ना उठली. उठताना भिंतीला धरलं. हात जोडून म्हणाली, "मले माहीत नोतं. मी आजपासून हे खानार नाई. समाजापुढं सबद देतो."

इथे रीत अशी आहे की विहारात कोणी संकल्प बोलला की सगळे मिळून तीनदा "साधु" म्हणतात. त्या तीन साधुंनंतर तो संकल्प एकट्या माणसाचा राहत नाही, सगळ्यांचा होतो. आमच्याकडेही हीच रीत आहे, पण नागपूरच्या गर्दीत ते तीन शब्द विरून जातात. इथे घरं मोजकी. साधु, साधु, साधु, असं भिंतींवरून परत आलं. मी टाळ्या वाजवल्या. एका बाईने धावत घरी जाऊन आपली कुपी नालीत खरवडली आणि रिकामी आणून मला दाखवली. "पाह्य ताई, धुवून बी टाकली." तिचा चेहरा उजळला होता. पत्रक विहाराच्या दाराशी चिकटवण्यात आलं.

घरी भिवाआत्या थेट चुलीकडे गेली. कण्या शिजवल्या, मीठ घातलं, तेल सोडलं, रत्नापुढे ठेवल्या. रत्नाने चार घास खाल्ले आणि मागच्या अंगणात गेली. तिचा आवाज येत होता. आत्याने मोसंबीचा रस दिला, तोही गेला. मग अंबाडीची भाजी. वास घेताच रत्नाने तोंडावर पदर धरला. दुसऱ्या दिवशीही हेच. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्या ती आधीपासूनच ओकत होती. डॉक्टरांनी महिन्यापूर्वी सांगितलं होतं की रक्त फार कमी आहे, जे पोटात राहील ते खाऊ द्या. राहत होतं ते एकच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या चुलीपुढे बसून बोलली. माझ्याकडे न पाहता.

"तू आंबील पेतं का नाई?"

"पिते."

"रातभर आंबते थे. त्यात काय होते, तुले माहीत हाय? जिलबीचं पीठ आंबवते, थे खातं?"

"आत्या, ते वेगळं."

"काऊन वेगळं? कागदावर नाई छापलं म्हनून?" तिने फुंकणी खाली ठेवली. "मी किती बाया बाळंत केल्या, माह्याजोळ कागद नाई. दीक्षेच्या दिवशी तुह्या बापाच्या बाजूले उभी होतो मी. मले शील शिकवून राहिली तू? चौघांत बोलाच्या आंधी मले एकटीले ईचारलं असतं, तं जीभ झडली असती का तुही?"

मी फुंकणी उचलून चूल फुंकू लागले.  

पुन्हा पांढुर्णा

तिसऱ्या दिवशी पहाटेची बस पकडून गुरुजींकडे गेले. संत्र्यांच्या फुलांचा वास तसाच होता; मी खिडकी लावून घेतली. गुरुजी शाळेला निघाले होते. दारातच उभे राहून त्यांनी ऐकलं आणि सायकल पुन्हा भिंतीला लावली.

"मी तुला त्या रात्री हेच सांगून राहिलो होतो, बेटा. तू मोरीत होती." त्यांनी पाटीवर मुलांना समजावतात तसं समजावलं. खमीर म्हणजे बारीक जीव. दारू बनली की ती काढून घेतात, उरतं ते खमीर. ते धुतात, तापवतात, त्याचा अर्क आटवतात. त्यात नशा उरत नाही. रक्ताच्या कमीला मात्र त्याचा उपयोग होतो, मेट्रनबाई उगीच देत नव्हत्या.

"मग तुम्ही हसून का सांगितलं?" मी ओरडले.

"मले काय मालूम, तू हसनार नाई म्हणून," ते म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. शाळेची घंटा चुकवून त्यांनी सगळं मराठीत, सोप्या शब्दांत, दोन पानांवर लिहून दिलं आणि खाली सही केली.

पुन्हा लोधीखेडा

रत्ना खाटेवर होती. मी तिच्याजवळ बसून ती दोन्ही पानं वाचून दाखवली. तिने नीट ऐकलं. मध्ये दोनदा विचारलं, "मंजे दारू धुवून जाते?" मी हो म्हटलं. आत्या दारात उभी होती, हातात कण्यांची वाटी, वाटीत तो काळा थेंब घातलेला. वास खोलीभर पसरला. रत्नाने डोळे मिटून तो वास आत घेतला. तिला तो किती हवा होता हे मी पाहिलं. लहान मूल आईच्या पदराकडे जातं तशी तिची मान वाटीकडे गेली. मग तिने ती मागे घेतली.

"ताई, तुमी चौघांत सांगितलं. आता घरात सांगून राहिल्या."

"मग?"

"तीनदा साधु म्हनलं लोकाईनं. थे मी कशी वापस करू? मागचं लेकरू गेलं तं लोक म्हनले, काही पाप असन. आता सबद मोडला आन हे बी गेलं, तं काय म्हनतीन?" मग ती हसल्यासारखं म्हणाली, "तुमीच चौघांत जाऊन सांगा. लोक साधु म्हनले का खातो मी. पोटभर खातो. मले काय, भूकच लागली हाय."

रविवारी वंदनेनंतर मी उभी राहिले. हातात बाटली नव्हती, गुरुजींची पानं होती. वाचली. माझी चूक झाली, असं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर म्हटलं. या अन्नाने कोणाचं शील मोडत नाही, असं म्हटलं आणि थांबले. साधुची वाट पाहत.

साधु आला नाही. कुपी खरवडणारी बाई माझ्याकडे पाहत होती, मी तिला फसवल्यासारखी. मग ती म्हणाली, "भावजय बिमार पडली म्हनून शील बदलते का, ताई? आमच्या कुप्या तं गेल्या नालीत."

एक म्हातारे बाबा होते, अतिशय मायेने बोलणारे. ते म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमी सांगितलं, आमी मानलं. आज सांगून राहिल्या, थे बी मानू आमी. पन उद्या काय सांगसान? आन तो कागद तं छापेल हाय. हे हातानं लिवलं हाय."

छापलेलं खरं आणि हाताने लिहिलेलं कच्चं. हे त्यांना मीच शिकवलं होतं, माझ्यासारख्यांनी, वर्षानुवर्षं पत्रकं वाटून. मी दाराशी जाऊन ते पत्रक ओढलं. खळ चांगली लागली होती. मथळा भिंतीवरच राहिला, खालचा मजकूर तेवढा हातात आला.

आत्याने मला बसपर्यंत पोचवलं. रस्ताभर शिव्या दिल्या आणि बस आल्यावर पिशवीत चार संत्री टाकली. "खाजो," म्हणाली. "तू तरी खाजो."

नागपूरला येऊन आता सोळा दिवस झाले. मी सौंसरच्या छापखान्यात दुसरं पत्रक का छापलं नाही, असं तुम्ही विचाराल. छापलं. येताना तेच करून आले. विहारात ते जुन्या मथळ्याशेजारी लागलं आहे आणि आत्या कळवते की लोक दोन्ही वाचतात आणि हसतात. ती लिहवून घेतलेल्या पत्रात म्हणते की रत्ना दिवसाला दोन-तीन घास खाते, चालताना धरावं लागतं, आठवा लागायचा आहे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं आहे, पण प्रवास सोसेल का हे कोणी सांगत नाही. पिवळ्या झाकणाची बाटली फळीवर आहे. आत्या रोज ती पुसते.

माझ्या शब्दाने आता काही होणार नाही. माझा शब्द मी दोनदा वापरून संपवला. म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुमच्या विहारात, तुमच्या वस्तीत, "पाचवे शील बाटलीत बुडाले!" हा कागद कुठे लागला असेल तर आज काढा. मथळ्यासकट काढा, भिजवून, खरवडून. मग येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर उभे राहा आणि एवढंच सांगा, की लोधीखेड्याची रत्ना जे खात होती त्याने शील मोडत नाही. तुमच्या लोकांना पटलं, ते तीनदा साधु म्हणाले, तर तसं एका पोस्टकार्डावर लिहा आणि लोधीखेड्याच्या विहाराच्या नावाने टाका. खाली तुमच्या विहाराचं नाव घाला. तिथे ती कार्डं वंदनेनंतर वाचली जातील; इतक्यांचा साधु ऐकून लोधीखेडाही साधु म्हणाला, तर रत्ना खाईल. माझं कुठेही घालू नका. पटलं नाही तर कार्ड टाकू नका, पण आधी मोठ्याने विचारा.

पौर्णिमेला आठ दिवस आहेत. टपालाला वर तीन लागतात. कागद आजच काढा.